महोगनीचे शेंडे

पार्बताबाईचं नाव निघालं का अंजनगावच्या भाजीबजारात अजूनही कोणी ना कोणी हासतेच. "शेंडे सांभाळा रे बापा, पार्बताबाई आली!" असं म्हणतेत आन् चहा पितेत. मले तं वाटते, उचलावा तराजू आन् हाणावा टकुऱ्यात. पण बजारात बसणाऱ्या बाईनं गिऱ्हाइकाच्या डोक्यात तराजू हाणला तं तिच्याकडून भाजी कोण घेईन? म्हणून तोंडानं सांगते. तोंड मायं कसं हाये ते सारा बजार जाणते.

मी तिच्या बाजूले बसते. आमी दोघी बसाले लागलो तवा वर टिनाचं शेड नोतं, डोक्यावर पोतं घेऊन बसावं लागे. माया पुढ्यात मेथी, पालक आन् सांबार. पुण्याकडचे लोक सांबाराले कोथिंबीर म्हणतेत, म्हणोत बिचारे. पार्बताबाईच्या पुढ्यात फक्त वांगे, आन् दसऱ्या-दिवाळीत झेंडू-शेवंती. तिचे वांगे म्हणजे कसे? लहान, हिरवट, जांभळी झाक, देठाले असे काटे का घेणाऱ्यानं एकदा तरी "आई गं" केलंच पाहिजे. कोणाच्या घरी गोवरीवर भाजलेल्या रोडग्याचा कार्यक्रम असला का माणूस आधी पार्बताबाईले सांगून जाये आन् मंग पाहुण्याईले. रोडगे कोणाचेही चालतेत, भाजी तिच्याच वांग्याची पाहिजे, असं होतं.

ते वांगं तिच्या मायचं. तिचं माहेर अकोटाकडचं. लग्नात मायनं तिच्या पदराले बी बांधून देल्लं, राखेत घोळून. तवापासून ती दरसाली झाडावर दोन-चार वांगे तसेच ठेवे, पिवळे पडू दे, वाळू दे, मंग बी काढे. वांग्याचं बी लय दिवस धरत नाई, साल-दर-साल मातीत गेलंच पाहिजे. तिच्या भावानं केव्हाच पाकिटाचं बी आणलं, माहेरातून ते वांगं गेलं. आता ते होतं तं तिच्याच वाडीत. घरामागं इहिरीपाशी तिची वाडी होती, काळी भुसभुशीत, अर्ध्यात वांगे आन् अर्ध्यात फुलं.

आन् एक सवय होती बाईले. शेंडा खुडाची. शेवंती हातभर झाली का तिचा शेंडा खुडतेत, मंग ती चारी अंगानं फुटते आन् फुलं चौपट लागतेत. माळ्याच्या घरात हे लेकरालेही माहीत असते. पण पार्बताबाईचा हात इतका मुरला होता का तिले समजेच ना. बोलता बोलता झेंडूचा शेंडा खुडे, रस्त्यानं जाता जाता कोणाच्या कुंपणाचा खुडे. एकदा लग्नात गेली तं नवरीच्या अंगणातली तुळस खुडून आली. मायी मेथी तं रोजच. मी म्हणो, "वो बाई, ते इकाले आणली हाये मी, आता तिले काय फुटवे येणार?" ती आपल्या हाताकडे पाहे आन् पोट धरून हासे. सारा बजार चिडवे तिले, तिलेही आवडे ते.

तिचा नवरा भगवंत. दारू नाई, जुगार नाई, बाईवर हात टाकणं नाई. चार माणसात त्याले बसवा आन् "भगवंतभाऊ, तुमचं काय मत हाये?" एवढं इचारा, गडी दिवसभर उपाशी राहीन. पांढरे कपडे घालून पानठेल्यावर बसे आन् जमिनीची, सरकारची, जगाची गोष्ट करे. वाडी बाई पाहे. पोरगा सागर शिकला, बडनेऱ्याले रेल्वेत लागला, सून मंजुषा घेऊन तिकडेच राहिला.

कोरोनाच्या दोन-एक साल आधीची गोष्ट. अमरावतीहून एक पोट्टा आला, बुटात, पोटावर आयकार्ड लटकवून. देवळाच्या सभामंडपात लोकं जमवले आन् पडद्यावर झाड दाखवलं. महोगनी. आगं माय, काय झाड होतं ते! जिथी बारमाही पाणी पडते तिथल्या जंगलातलं. खोड असं सरळ का देवळाचा कळस खाली राहीन. बुडाले भिंतीसारख्या मुळ्या, सहा माणसाईनं हात धरले तरी मिठीत येईना. फळ लाकडाचं, कपाएवढं, आन् तेही वर तोंड करून उभं. फुटलं का पंखवाले बी भिंगऱ्या घेत खाली येतेत. आतून लाकूड लाल, तांबूस, त्याचे जहाजं बनतेत, राजाच्या खुर्च्या बनतेत. हे सारं मले पार्बताबाईनंच सांगतलं दुसऱ्या दिवशी, भिंगरीसाठी हात हवेत फिरवून फिरवून. तिलेही ते झाड आवडलं होतं, खोटं कशाले बोलू?

त्या पोट्ट्यानं जाता जाता भगवंताच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हटलं, "काका, या भागात पहिली बाग तुमची." झालं. काका गेले कामातून.

रोपं आले. लावायचे कुठी? वावर होतं, पण तिथी पाणी नाई. इहिरीवर एकच जागा, बाईची वाडी.

"वावरात लावा ना," ती म्हणे.

"ते पाण्याचं झाड हाये, वावरात जळून जाईन."

"मंग माये वांगे?"

"झाडाच्या मधात पेर. झाड मोठं होईलोक पेर, कोण नाई म्हणते?"

तिनं पेरले. फुलाची जागा पूर्ण गेली, वांग्याची अर्धी राहिली. वाडीच्या तोंडाशी 'महोगनी नमुना बाग' अशी पाटी लागली, लाल अक्षरात. भगवंत पानठेल्यावर सांगे, "दहा-बारा साल थांबा फक्त. मंग पाहा." लोकं मान हालवत. पयल्या पाण्यात, पावसाळ्यात, झाडं सपाट्यानं वाढले. नवी पालवी तांबडी निघे, मऊ, लेकराच्या कानासारखी. पार्बताबाई वांग्याले गेली का एखाद्या पालवीवर बोट फिरवून ये. हे तिनं मले तवाच सांगतलं होतं, खुशीनं. पुढं तेच तिच्या अंगावर आलं.

त्या सालच्या दिवाळीनंतर अमरावतीचा पोट्टा चार-पाच कास्तकाराईले घेऊन आला. "या, आमची नमुना बाग दाखवतो." संग गावचे महादेवराव होते, ज्याच्या पोटात गोष्ट घरी जाईलोकही राहत नाई. सारे वाडीत शिरले आन् थांबले. झाडाले शेंडाच नाई! एकाले नाई, दुसऱ्याले नाई, ओळीच्या ओळी तशाच. जिथून एक सरळ खोड वर जायचं तिथून तीन-चार फुटवे निघालेले, खराट्यावानी. महोगनीची सारी किंमत त्या एका सरळ खोडात. बेचक्याच्या लाकडाची फळी निघते का?

पोट्ट्यानं इचारलं, "काका, शेंडे कोणी खुडले?"

भगवंत पाह्यतच राहिला. तेवढ्यात पार्बताबाई साऱ्याईसाठी चहा घेऊन आली. त्यानं तिच्याकडे पाह्यलं आन् म्हटलं, "हिनं. माळ्याची लेक हाये ना, हिच्या हाताले सवय हाये. शेवंती समजून खुडले साऱ्याचे."

महादेवराव पयले हासले. मंग सारेच हासले. अमरावतीचा पोट्टाही हासला, त्याले तं मोकळंच झालं, झाडाचा काई दोष नाई म्हणून. पार्बताबाई ताट घेऊन उभी. कोणी तिले इचारलं नाई का बाई, खरं व्हय का. तिनं ताट पुढं केलं. चहा वाटला आन् घरात गेली.

दुसऱ्या दिवशी बजारात तिच्याआधी तिची गोष्ट पोचली. "पार्बताबाईनं जहाजाचं लाकूड खुडलं!" ज्या तोंडाईनं काल लाडानं चिडवलं, तेच तोंडं आज दात दाखवून राहिले. ती आली तं टोपल्यात वांगेच नाई, हर्रासात बोली लावून घेतलेले कांदे. मी म्हटलं, "वांगे कुठी?"

"सागरच्या बाबानं वाडीले तार लावली. झाडात पाय ठेवू नको म्हणे."

"आन् बियाचे वांगे?"

"झाडावरच हायेत. पिवळे पडले."

"अवो मंग तार उचल आन् घुस! तुयी वाडी हाये ते!"

ती कांदे मांडत राहिली. मी तिले हालवून इचारलं, "तू खुडले का वो?" तं म्हणे, "मले तं याद नाई." मी म्हटलं, "याद नाई म्हणजे? एवढ्या झाडाचे शेंडे खुडाले दिवस लागते, याद कशी नाई राहणार?" ती म्हणे, "तुयी मेथी खुडते तवा तरी मले कुठं याद राहते?"

मायाच चिडवण्यानं तिनं मायं तोंड बंद केलं.

तवापासून ते सुरू झालं. बाई आपल्याच हातावर पहारा देऊन राहिली. माया मेथीपासून हात मागं घे. झेंडूवाल्याच्या पुढून जाताना पदरात हात गुंडाळून जाये. सागरनं बडनेऱ्याहून फोन केला, तं तोही म्हणे, "आई, कशाले हात लावत होती? बाबाची एवढी मेहनत होती." पोटच्या पोरानंही एकदा इचारलं नाई, फक्त सांगतलं. मंजुषा सून चांगली हाये, तिनं नव्या क्वार्टरात तुळस लावाले सासूले बलावलं, तं सासू गेली, चार दिवस राहिली, आन् तुळस मंजुषालेच लावाले लावली. म्हणे, "माया हात चांगला नाई, तूच लाव." ज्या हाताचे वांगे खाऊन अर्ध्या अंजनगावाचे कार्यक्रम पार पडले, तो हात म्हणे चांगला नाई! मी ऐकलं तवा मले रडूच आलं, रागानं.

पुढच्या पाण्यात झाडाईचे फुटवे वर गेले आन् त्याईचेही शेंडे गेले. मी बजारात उभी राहून ओरडली, "आता बोला! बाईले तार लावून बाहेर ठेवलं, झाडं माणसाच्या वर गेले, आता शिडी लावून खुडले का तिनं?" लोकं हासले. आन् तिनंच मले खाली बसवलं.

"एकदा शेंडा मोडला का झाडाचं वळणच बिघडते वो," ती म्हणे. "मंग ते जलमभर तसंच फुटते. शेवंतीचं नाई का तसं?"

काय करावं अशा बाईले? गुन्हा दुसऱ्यानं लावला आन् पुरावे हे आणून राहिली.

झाडं वाढले. पाणी होतं, काळी माती होती, वाढणारच. पण एकही सरळ नाई, कमरेपासून बेचके, बेचक्याले बेचके. वरून पाला असा दाटला का वाडीत उजेड नाई, खाली गवत नाई. मधल्या दोन-तीन सालात पार्बताबाईनं घरातलं उरलंसुरलं बी फुटक्या घमेल्यात टाकून पाह्यलं. रोज पाणी टाके. त्यातून काईच निघालं नाई. मी अकोटाच्या बजारात इचारलं, ओळखीच्या बायाईले इचारलं, तसं काटेरी वांगं कोणाकडेच नाई. साऱ्याईनं पाकिटं आणले, चकचकीत वांगे, बिनाकाट्याचे, बिनाचवीचे.

अमरावतीच्या पोट्ट्याचा फोन बंद. परतवाड्याहून एक लाकूडवाला आला, बागेतून चक्कर मारली आन् म्हणे, "जळतन हाये, बाकी काई नाई." भगवंत पानठेल्यावर आजही बसते. पांढरे कपडे तेच. आन् नवा माणूस भेटला का तीच गोष्ट, "बाग तं एक नंबर होती, पण बाईनं वाटोळं केलं." सांगाची पद्धत अशी का ऐकणाऱ्याले त्याचीच कीव येते. "तरी एक शब्द बोललो नाई तिले," असंही म्हणते वरून. मेल्या, एक शब्दच तं बोलला होता तू, चार माणसात!

आता या श्रावणातली गोष्ट. मी किसनरावच्या वावरात पालक आणाले गेली. त्याचं वावर भगवंताच्या वाडीले लागूनच. त्यानं मागच्या साली धुऱ्यावर, बांधावर, थोडे महोगनीचे रोपं लावले, आपले हौसेनं. मी पालक बांधता बांधता पाह्यलं, रोपाचा शेंडा काळा पडून मान टाकलेला. खाली पानावर लाकडाचा भुसा, ओला. मी तो शेंडा मोडला, नखानं चिरला. अंदर पोकळ, आन् पोकळीत अळी, जिवंत.

"किसनराव! हे काय व्हय?"

"शेंड्याची अळी व्हय ना वो. या झाडाची खास. कवळा शेंडा दिसला का अंदर शिरते, वाळवून टाकते, मंग झाड बाजूनं फुटते. फवारा माराचा राहिला माया."

"तुमाले कोणं सांगतलं?"

"भगवंतानं. रोपं आणले तवाच म्हणे, अळीले सांभाळजो, माये सारे शेंडे पयल्याच साली खाल्ले तिनं."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा इचारलं. किसनरावनं पुन्हा तेच सांगतलं, साध्या तोंडानं. मी म्हटलं, "आन् बाईचं नाव घेतलं ते?" तं म्हणे, "कोणत्या बाईचं? मी तं तवा लेकाकडे अकोल्याले होतो, मागच्याच साली परत आलो, मले काई माहीत नाई."

पालक तिथीच राहिला. तो चिरलेला शेंडा मुठीत धरून मी सरळ भगवंताच्या घरी गेली. तो ओट्यावर बसून सुपारी कातरून राहिला होता. पार्बताबाई दाराशी तांदूळ निवडत होती. मी शेंडा त्याच्या अडकित्त्यापाशी ठेवला.

"भगवंतभाऊ, हे काय व्हय?"

त्यानं वाकून पाह्यलं. "अळी. किसनरावच्या धुऱ्यावरची दिसते."

"तुमच्या झाडाले हेच लागलं होतं?"

"व्हय. पयल्याच पाण्यात," तो म्हणे, सुपारी कातरता कातरता. जसं काई मी त्याले आज कोणता वार इचारला. "सकाळी कोणी उठाच्या आधी जाऊन वाळले शेंडे मीच मोडून टाकत होतो. बंबात जाळले सारे."

पार्बताबाईचा हात तांदळात थांबला. "तुमी मोडले?"

"मंग काय करू? साऱ्या गावाले सांगून बसलो होतो. पयल्याच साली अळीनं खाल्लं म्हटलं असतं तं लोकाईनं रस्त्यानं चालू देल्लं असतं का मले?"

"आन् तिले देल्लं का चालू?" मी ओरडली. "तिच्या वांग्याचं बी मेलं, माणसा! तिच्या मायचं होतं ते!"

"बी काय, दुकानात पाकिटं भेटतेत," तो म्हणे. मंग बायकोकडे वळला, आवाज थोडा चढवून. "ते लोकं समोर उभे होते, तोंडातून निघून गेलं. आन् तू तरी कुठं नाई म्हटलं? नाई म्हणाचं होतं ना. मी काय तुयं तोंड धरलं होतं?"

मी त्याले जे बोलली ते कागदावर येणार नाई. त्याच्या सात पिढ्या काढल्या. शेजारच्या बाया बाहेर आल्या. मले वाटलं आता ही उठन, ताट फेकन, एवढ्या सालाचं एकदाच बाहेर काढन. पार्बताबाई त्याच्याकडे पाहून राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नोता, तिले फक्त काईतरी समजून घ्याचं होतं.

"मले वाटलं," ती म्हणे, "तुमी म्हणून राहिले तं मीच खुडले असतीन."

मंग तिनं तांदळाचं ताट उचललं आन् अंदर गेली. भगवंतानं सुपारी तोंडात टाकली आन् मले इचारलं, किसनरावच्या झाडाईले लय लागली का म्हणून.